वॉर्ड ते लोकसभा : मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

(निवडून आलेल्या स्त्रियांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

आज इथे नगरसेविका आहेत, सरपंच आहेत, पंचायत समितीच्या सदस्य आहेत. माझ्यासारख्या, स्वतः कधी निवडणूक न लढवलेल्या पण संघटनेचं काम करणाऱ्या कार्यकर्त्याही आहेत. संयोजकांनी मला विषय दिलाय 'स्थानिक राजकारणातून संसदेकडे'. पुढच्या सोडतीत आपला वॉर्ड राहतो की जातो याची धास्ती असताना संसदेची गोष्ट कशाला, असं तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आलं असेल. पण या दोन गोष्टी एकमेकींपासून लांबच्या नाहीत. आपल्या आधीच्या पिढीतल्या काही बायका वॉर्डातून थेट लोकसभेपर्यंत गेल्या. त्या कशा गेल्या आणि आज तो रस्ता का अडला आहे, हे मला मांडायचं आहे.

मी मुंबईचं उदाहरण घेणार आहे, आणि त्यातही मुख्यतः मृणालताई गोरे यांचं. २०१२ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. आता तरुण मुली गोरेगावच्या उड्डाणपुलावरचं नाव वाचतात आणि विचारतात, या कोण? तेव्हा थोडक्यात सांगते.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय लग्न केलं आणि दोघांनी गोरेगावात काम सुरू केलं. तिथे त्यांनी बायकांचं मंडळ बांधलं. १९५८ मध्ये बंडू गोरे वारले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. अशा वेळी आपल्या समाजात बाईला काय सल्ला मिळतो ते तुम्हाला सांगायला नको. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या. तेव्हा आरक्षण नव्हतं.

गोरेगाव १९५७ मध्येच बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं होतं. हद्द वाढली, वस्ती वाढली, पण त्या मानाने पाणी आलं नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला तर उत्तर ठरलेलंच: तुमची वस्ती बेकायदा, तुम्हाला नळ नाही. पाणी कोण भरतं? बाई. रात्री-अपरात्री रांगेत कोण उभी राहते? बाई. तेव्हा पाण्याचा प्रश्न हा बाईचा प्रश्न आहे, हे समजायला मृणालताईंना पुस्तक वाचावं लागलं नाही. रिकामे हंडे घेऊन बायकांना महापालिकेवर नेलं आणि सभागृहात बसून तोच प्रश्न विचारला. लोकांनी त्यांना नाव दिलं 'पाणीवाली बाई'. पुढे आमदारकी आली, खासदारकी आली, तरी ते नाव पुसलं गेलं नाही.

नगरसेविकेच्या हातात किती अधिकार असतो ते इथल्या शहरातल्या मैत्रिणींना ठाऊक आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. नगरसेविका प्रश्न विचारू शकते, अर्थसंकल्पावर बोलू शकते, समितीत भांडू शकते. पण पाइप टाका असा हुकूम देऊ शकत नाही. म्हणून आतला प्रश्न आणि बाहेरचा मोर्चा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. एकट्या प्रश्नाला अधिकारी छापील उत्तर देतात, आणि एकट्या मोर्च्याला निवेदन घेऊन वाटेला लावतात. आत बसलेली बाई बाहेरच्या बायकांची आहे हे दिसलं, की मग फाइल हलते. मृणालताईंच्या कामाची ही पद्धत होती आणि ती पुढे प्रत्येक सभागृहात त्यांनी वापरली.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. दुष्काळाचे दिवस. तेल, साखर, रॉकेल मिळेना, रेशनच्या दुकानात धान्य नाही. त्या वेळी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट, प्रमिलाताई दंडवते समाजवादी. या पक्षांचं आपापसांत किती जमत होतं ते जुन्या लोकांना विचारा! पण बायका एकत्र आल्या. ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता अशा गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. लाटण्याची चेष्टा करायला वर्तमानपत्रांना आवडायचं, मंत्र्यांना मात्र त्याची धास्ती होती.

मग १९७५ ची आणीबाणी. मृणालताई भूमिगत राहून काम करत होत्या, त्या डिसेंबरात पकडल्या गेल्या. अहिल्याताई आणि प्रमिलाताईही तुरुंगात होत्या. १९७७ मध्ये निवडणूक झाली. मृणालताई जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. इंदिरा गांधींचा पराभव झाला, आणि 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा घरोघरी पोचली. त्याच निवडणुकीत अहिल्याताई उत्तर मध्य मुंबईतून निवडून आल्या. त्याही १९६१ पासून महापालिकेत होत्या.

आता एक आकडा लक्षात ठेवा. १९७७ च्या त्या लोकसभेत ५४२ जागांपैकी बायका फक्त १९. आजवरच्या लोकसभांतला हा सगळ्यात कमी आकडा. लोकशाही परत आली म्हणून देश आनंदात होता, आणि सभागृहात बाई शोधावी लागत होती. त्या १९ जणींपैकी दोघी मुंबई महापालिकेच्या बाकावरून आलेल्या होत्या.

त्या काळात मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात मृणालताईंना आरोग्य खातं देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. याचं आपण नुसतं कौतुक करून थांबू नये. बायकांनी मंत्रिपद नाकारावं, असा धडा मी यातून काढणार नाही. उलट बायकांनी सत्तेची खुर्ची आणि त्या खुर्चीचं बजेट मागून घ्यावं, असंच माझं मत आहे. पण मृणालताईंच्या मनात 'वर' आणि 'खाली' अशी उतरंड नव्हती, एवढं यातून कळतं. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, तिथे विरोधी पक्षनेत्या झाल्या. दिल्लीहून मुंबईला येणं म्हणजे पायरी उतरणं, असं त्यांनी मानलं नाही.

आणि तिथे काय केलं? गर्भलिंगनिदानाचा धंदा मुंबईत जोरात होता. स्त्री संघटना त्याविरुद्ध आंदोलन करत होत्या. १९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत खाजगी विधेयक आणलं. १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा. बाहेर संघटनांनी माहिती गोळा केली, आत एका बाईने विधेयक मांडलं. हंडा मोर्च्याचीच पद्धत.

प्रमिलाताईंचंही तसंच. १९६८ ते १९७३ त्या महापालिकेत होत्या. १९८० मध्ये त्या उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेत गेल्या आणि हुंडाबंदी कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून खाजगी विधेयक मांडलं. संयुक्त समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये कायदा बदलला. पोलीस चौकीत, शेजारच्या चाळीत जळालेल्या सुनेची केस पाहिलेल्या बायकांचा तो अनुभव संसदेत पोचला.

आता मुंबईच्या सगळ्या स्त्री खासदारांची यादी तुमच्यापुढे ठेवते. १९७७ पासून मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेल्या बायका सात. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर, १९७७. प्रमिला दंडवते, १९८०. जयवंतीबेन मेहता, १९८९, १९९६ आणि १९९९. प्रिया दत्त, २००५ ची पोटनिवडणूक आणि २००९. पूनम महाजन, २०१४ आणि २०१९. वर्षा गायकवाड, २०२४.

पहिल्या चौघी बघा. जयवंतीबेन भाजपच्या, म्हणजे बाकी तिघींच्या विचारांपासून पार लांब. पण त्याही १९६८ मध्ये महापालिकेत निवडून आलेल्या होत्या. चौघींचे पक्ष वेगळे, पण चौघीही नगरसेविका होत्या. नंतरच्या तिघींपैकी एकही महापालिकेतून आलेली नाही. तिघींचेही वडील खासदार होते. त्यांच्या कामाबद्दल मी काही म्हणत नाही, वडिलांचं नाव असणं हा गुन्हा नाही. वर्षाताई तर आधी अनेक वर्षं आमदार होत्या. मला प्रश्न पडतो तो वेगळाच.

महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये राज्याने ५० टक्के केल्या. मुंबई महापालिकेत २२७ पैकी ११४ जागा बायकांसाठी झाल्या. म्हणजे आरक्षण नव्हतं, मूठभर नगरसेविका होत्या, तेव्हा चौघी लोकसभेत पोचल्या. शंभरावर नगरसेविका झाल्या, तेव्हापासून मुंबईतून एकही नगरसेविका लोकसभेत पोचली नाही. असं का व्हावं?

काही लोकांकडे उत्तर तयार असतं. ते म्हणतात, आरक्षणातून आलेल्या बायकांत दम नाही, सगळा कारभार नवरेच बघतात. हे मला मान्य नाही. तुमच्यातल्या कितीजणींनी रेशनची दुकानं सरळ केली, दारूचे गुत्ते बंद केले, शाळेला खोल्या आणल्या, ते मी पाहते आहे. नवरे कारभार बघतात ही तक्रार खरीच आहे, पण नवऱ्याला कार्यालयात खुर्ची कोण देतं? ग्रामसेवक देतो, इंजिनीअर देतो, पक्षाचा तालुकाध्यक्ष देतो. दोष नुसत्या बाईच्या माथी मारू नका.

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, चक्राकार आरक्षण. मृणालताईंचा १९६१ चा वॉर्ड गोरेगावात, विधानसभेचं कामही गोरेगावच्या आधारावर, आणि लोकसभेचा मतदारसंघ त्याच उपनगराला धरून. वर्तुळ मोठं होत गेलं, मध्यबिंदू तोच राहिला. महापालिकेपासून लोकसभेपर्यंत सोळा वर्षं लागली. आज तुमचं काय होतं? पहिलं वर्ष कायदा आणि कागद समजण्यात जातं. तिसऱ्या वर्षी अधिकारी ओळखायला लागतात. पाचव्या वर्षी चिठ्ठी निघते, वॉर्ड 'खुला' होतो. खुला म्हणजे सगळ्यांसाठी. पण पक्षाच्या कार्यालयात त्याचा अर्थ 'पुरुषांसाठी' असा लावतात. तुमची पाच वर्षांची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

दुसरं, तिकीट. वॉर्डात काम तुम्ही करता, पण एबी फॉर्म कुणाच्या हातात असतो? वरच्या जागेसाठी पक्ष पैसा बघतो, जात बघतो, घराणं बघतो. बाईच हवी असेल, तर घरातली आधी. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ बायका निवडून आल्या, महाराष्ट्रात ४८ पैकी ७. या सातजणींत स्थानिक संस्थांचा अनुभव असलेल्या आहेत: शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, स्मिता वाघ जळगाव जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, रक्षा खडसे आधी सरपंच आणि मग जिल्हा परिषद सदस्य. म्हणजे जिना अगदीच मोडलेला नाही. पण महाराष्ट्रात गावोगावी हजारो बायका पहिल्या पायरीवर उभ्या आहेत, त्या मानाने वर किती पोचल्या, ते तुम्हीच बघा.

तिसरं, बाईच्या मागे उभी राहणारी संघटना. मृणालताई निवडून आल्या तेव्हा त्यांच्या मागे मंडळ होतं, सेवा दलाचे कार्यकर्ते होते, झोपडपट्टीतल्या बायका होत्या. त्या तुरुंगात गेल्या तरी काम चालू राहिलं. आज निवडून आलेली बाई बहुतेक वेळा एकटी असते. पक्ष तिला मोर्च्यापुरती बोलावतो, आणि आपल्या संघटना? १९८० च्या दशकात आपल्याकडे मोठा वाद होता: स्त्री संघटनांनी स्वायत्त राहावं की निवडणुकीत उतरावं? स्वायत्तता हवीच होती आणि आजही हवी. पण स्वायत्त संघटना सरपंच बाईला ठराव लिहायला मदत करू शकते, अविश्वास ठरावाच्या दिवशी तिच्या शेजारी उभी राहू शकते. त्याने कुणाचं स्वातंत्र्य जात नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. मृणालताईंना शिक्षण होतं, उच्च मानलेली जात होती, चळवळीतलं वर्तुळ होतं. आज राखीव जागेवरून आलेली दलित, आदिवासी, मुस्लिम, भटक्या समाजातली बाई यातलं काहीही हाताशी नसताना उभी राहते. झेंडावंदनाला तिला बाजूला सारतात, खुर्ची देत नाहीत. तेव्हा 'त्या बघा कशा पुढे गेल्या, तुम्ही का नाही' असा बोल कुणी लावला, तर तो अन्याय आहे. मृणालताईंची गोष्ट मी तुम्हाला लाजवायला सांगितलेली नाही. त्यांच्या हाती जे होतं ते आपण मिळून कसं उभं करायचं, ते बघायला सांगितली.

आता पुढच्या काळाबद्दल. लोकसभा आणि विधानसभांतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा सप्टेंबर १९९६ मध्ये मांडलं गेलं. २०१० मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं आणि तिथेच अडकलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधली. म्हणून २०२४ ची निवडणूक या आरक्षणाशिवायच झाली. या दुरुस्तीत ओबीसी बायकांचा वेगळा वाटा नाही, आणि जागा फिरवण्याची तरतूद इथेही आहे. एक तृतीयांश जागा आल्या, की पक्षांना एकदम शेकडो बायका लागतील. तेव्हा ते कुठे शोधतील? घरात शोधतील की तुमच्याकडे येतील? आपण आजपासून काय करतो, त्यावर हे ठरणार आहे.

म्हणून चार कामं सुचवते. दुपारच्या गटचर्चेत यावर बोला, खोडून काढा, भर घाला.

एक. आपल्या कामाची नोंद ठेवा. तुम्ही मांडलेला ठराव, त्याचं इतिवृत्त, मंजूर निधी, झालेलं काम, यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. कार्यालयातून मिळत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार वापरा. पाच वर्षांनी कुणी तुमच्या नळाचं श्रेय घेऊ लागला, तर कागद दाखवता आला पाहिजे.

दोन. सदस्यत्व संपलं तरी बंद पडणार नाही अशी बायकांची समिती वॉर्डात, गावात बांधा. मुंबईचंच बघा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. म्हणजे एकही नगरसेविका नाही! पण त्या काळात पाणी भरणं थांबलं होतं का? २०१४ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वस्ती बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. मृणालताई साठ वर्षांपूर्वी हेच म्हणत होत्या. सभागृह बंद असलं तरी समिती चालू राहिली पाहिजे.

तीन. खुल्या जागेवरून उभं राहण्याचा हक्क मागा. ५० टक्के ही कमीत कमी संख्या आहे, कमाल मर्यादा नव्हे. आणि एक जागा निदान दोन मुदती राखीव ठेवा ही मागणीही करू या. तमिळनाडूत पंचायतींच्या आरक्षणाची फेरी दहा वर्षांनी बदलते, दर पाच वर्षांनी नाही. तिथे होऊ शकतं, तर आपल्याकडे का नाही?

चार. पक्ष कुठलाही असो, पाणी, रेशन, दवाखाना, हिंसा या प्रश्नांवर तालुक्यातल्या सगळ्या निवडून आलेल्या बायकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. १९७२ मध्ये लाटणं हातात घेतलेल्या बायकांनी पक्षाचं कार्ड विचारलं नव्हतं. पक्ष नाराज होतील, तर होऊ द्या. त्यांना तुमची मतं हवी आहेत.

तुमच्यातली कुणी उद्या दिल्लीला जाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण जिला जायचं आहे तिने ते मोठ्याने म्हणायला शिकलं पाहिजे. पुरुष पहिल्यांदा सरपंच झाला की दुसऱ्या दिवसापासून आमदारकीचं बोलायला लागतो, त्याला कुणी हसत नाही. बाईने म्हटलं, मला विधानसभा लढवायची आहे, की घरातले आधी हसतात, मग पक्षातले. आपण तरी हसायचं नाही. तिच्याजवळ बसून विचारायचं: तुझ्या मतदारसंघात गावं किती, तुझ्यासोबत बायका किती, आणि आम्ही काय करायचं?

आता जेवायला चला. दुपारी तालुक्यांप्रमाणे गट करून बसू, आणि प्रत्येक गटाने संध्याकाळपर्यंत निदान एका बाईचं नाव पुढच्या निवडणुकीसाठी लिहून द्यायचं. जागा राखीव निघो वा खुली.